४, रिकामी जागा, १६

एका निवृत्त इंजिनिअर गृहस्थांचं पाकीट माझ्याकडे आलं. आत हातानं लिहिलेली चाळीस पानं, आकृत्या पट्टी लावून काढलेल्या, आणि शेवटच्या पानावर लाल शाईत दोनदा अधोरेखित केलेला एकच प्रश्न: "सगळी गती सापेक्षच असेल, तर सूर्यमाला सेकंदाला ३७० किलोमीटर वेगानं चालली आहे, हे खगोलशास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात?"

विज्ञानावर चार ओळी लिहिणाऱ्या कोणाकडेही अशी पाकिटं येतात. बहुतेकांत दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच बीजगणित घसरलेलं असतं आणि उरलेली पानं शास्त्रज्ञांच्या कारस्थानावर खर्ची पडलेली असतात. या पाकिटात कारस्थान नव्हतं. प्रश्न चोख होता. हाच प्रश्न त्यांनी एका व्याख्यानानंतर उभं राहून विचारला होता, आणि वक्त्यांनी "आधी गणित शिका" एवढं सांगून पुढचा हात निवडला होता. सभागृह हसलं. चाळीस पानं त्या हशातून जन्माला आली असणार.

मला त्या हसण्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्या चाळीस पानांबद्दलही. निरपेक्ष गती, म्हणजे कोणाच्याही तुलनेत नसलेली, आपली आपण 'खरी' असलेली गती, ही कल्पना खुळचट नाही. तिला हसणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती विज्ञानानं का सोडली, हे धड सांगता येत नाही. आणि तिचा झेंडा घेऊन निघालेल्यांना ती नेमकी कुठल्या आकड्यावर अडली, हे माहीत नसतं. हा वाद मतांचा राहिलेला नाही, एका आकड्याचा आहे, आणि तो आकडा शाळकरी गणितानं काढता येतो. तो दाखवण्याऐवजी आपण एकमेकांची लायकी काढत बसतो.

आधी आव्हान देणाऱ्यांची बाजू, कारण ती नीट कोणी मांडत नाही.

गॅलिलिओनं १६३२ साली जहाजाच्या तळातल्या बंद खोलीचं उदाहरण दिलं. खोलीत फुलपाखरं, भांड्यात मासे, वरच्या बाटलीतून थेंब थेंब गळणारं पाणी. जहाज संथ आणि सरळ चाललं असेल, तर आत बसून काहीही केलं तरी ते चाललंय की थांबलंय, हे सांगता येत नाही. न्यूटनला हे पूर्ण मान्य होतं. तरीही १६८७ साली त्यानं निरपेक्ष अवकाश गृहीत धरलं, आणि त्याला तसंच सबळ कारण होतं. दोरीला टांगलेली पाण्याची बादली पीळ देऊन सोडा. सुरुवातीला बादली फिरते, पाणी सपाट असतं. मग पाणीही बादलीबरोबर फिरू लागतं आणि कडेनं वर चढतं. आता पाणी आणि बादली एकमेकांच्या तुलनेत स्थिरच आहेत, मग पाणी चढलं कशामुळे? न्यूटनचं उत्तर होतं, ते खरोखर फिरतंय म्हणून. भौतिकशास्त्रज्ञ माखनं १८८३ साली यावर तिखट टीका केली, पण बादली काही अडगळीत गेली नाही.

आर्यभटानंही ४९९ साली नावेतल्या माणसाची उपमा दिली होती: पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. ही ओळ हल्ली सापेक्षतेचं बीज म्हणून फिरवली जाते, ते काही मला पटत नाही. आर्यभटाला 'दोन्ही म्हणणी सारखीच' असं मुळीच म्हणायचं नव्हतं. फिरते ती पृथ्वी, तारे नव्हेत, असं तो ठणकावून सांगत होता. आणि तो बरोबरही होता, कारण फिरणं बंद खोलीत बसूनसुद्धा पकडता येतं. फुकोनं १८५१ साली लंबकानं ते पकडून दाखवलं.

इथेच लोकप्रिय विज्ञानलेखकांची पहिली चूक आहे. "आइन्स्टाइननं सिद्ध केलं की सगळंच सापेक्ष असतं" हे वाक्य साफ खोटं आहे. विशेष सापेक्षता सरळ आणि एकसारख्या गतीपुरतं बोलते. फिरणं, वळणं, वेग वाढवणं हे त्या सिद्धांतातही ओळखता येतं आणि त्याचं गणितही होतं. 'सगळंच सापेक्ष' हे ऐकून मोठा झालेला माणूस पुढे कधीतरी सान्याकचा प्रयोग वाचतो आणि हुरळून जातो. सान्याकनं १९१३ साली फिरत्या तबकडीवर प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट फिरवले आणि ते एकाच वेळी परत येत नाहीत, हे दाखवलं. आपण ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असं मानलं जाणारं स्थिर माध्यम, सिद्ध केलं, असं त्याला स्वतःला वाटलं. आज विमानांतली वळण मोजणारी लेसर जायरोस्कोप याच तत्त्वावर चालतात. पण तबकडी फिरत होती. विशेष सापेक्षतेचं उत्तर आणि सान्याकचं मोजमाप जुळतात. पडलं ते 'सगळंच सापेक्ष' हे घोषवाक्य, आणि ते सिद्धांताचं नव्हतंच.

दुसरी चूक याहून मोठी. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी असते: ईथर नावाचं खूळ होतं, मायकलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ साली ते काढून टाकलं, मग आइन्स्टाइन आला. प्रयोग खरोखर देखणा होता. मॅक्सवेलनं १८७९ साली, मरणाच्या काही महिने आधी, एका पत्रात लिहिलं होतं की ईथरमधून जाण्याचा परिणाम पृथ्वीवरच्या उपकरणात दहा कोटींत एक भाग इतकाच येईल आणि तो मोजता येणार नाही. मायकलसननं ते मोजायचं ठरवलं. दीड मीटर लांबी-रुंदीची, एक फूट जाडीची वालुकाश्माची शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली, म्हणजे धक्के लागणार नाहीत आणि एका बोटानं ती हळूहळू फिरत राहील. वर आरसे. प्रकाश आडवा-उभा मागेपुढे खेळवून प्रत्येक वाट सुमारे ११ मीटर लांब केलेली. शिळेबरोबर चालत, डोळा दुर्बिणीला लावून, प्रकाशाचे काळे-पांढरे पट्टे सरकतात का ते बघायचं; ईथरमुळे दोन वाटांना लागणारा वेळ वेगळा पडला तर ते सरकणारच. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं जाते, तेवढाच वेग धरला तरी पट्टे एका पट्ट्याच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. सरकले ते याच्या विसाव्या भागाहूनही कमी.

आता आमच्या इंजिनिअर गृहस्थांचा ३७० हा आकडा यात घालू. परिणाम वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३७० म्हणजे ३० च्या बारा पटींहून थोडा जास्त, वर्ग दीडशेच्या घरात. म्हणजे दिशा अनुकूल असताना मायकलसनच्या त्याच शिळेवर ६० च्या आसपास पट्टे सरकायला हवे होते. त्यासाठी डोळे फाडून बघावंही लागलं नसतं.

यातून ईथर मेलं का? नाही. इथे पाठ्यपुस्तक थाप मारतं आणि आव्हान देणारा नेमकं तेवढंच पकडतो. फिट्झजेराल्डनं १८८९ साली आणि लॉरेन्ट्झनं १८९२ साली सुचवलं की ईथरमधून जाणारी वस्तू गतीच्या दिशेनं किंचित आखडत असेल, आणि तेवढ्यामुळेच पट्टे सरकत नसतील. हे ऐकायला पळवाट वाटतं, पण घन वस्तूंचे अणू विद्युतबलांनी बांधलेले असतील, तर त्या बलांवर गतीचा परिणाम होणं यात जगावेगळं काहीच नव्हतं. लॉरेन्ट्झ विसाव्या शतकातल्या थोर भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक, आइन्स्टाइनला त्याच्याबद्दल नितांत आदर. त्यानं ईथर शेवटपर्यंत पुरतं सोडलं नाही. मायकलसननंही नाही. त्यामुळे "मायकलसनच्या प्रयोगानं निरपेक्ष स्थिरता खोटी ठरली" असं सांगणाऱ्या शिक्षकाला एखादा चुणचुणीत विद्यार्थी सहज निरुत्तर करू शकतो. करतो, आणि मग त्याला वाटतं की आपण आइन्स्टाइनला हरवलं. हरला तो शिक्षकाचा धडा.

मग निर्णायक काय? मी त्या गृहस्थांना उत्तरादाखल एकच पान पाठवलं. त्यावर हे होतं.

'अ' आणि 'ब' ही दोन घड्याळं. एकमेकांना चाटून जाताना दोन्हींवर शून्य. त्यानंतर त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या ०.६ पट वेगानं वाढत जातं. 'अ'वर ४ सेकंद झाले की 'अ' प्रकाशाचा एक झोत सोडतं. तो 'ब'ला गाठतो तेव्हा 'ब'च्या काट्यावर काय आहे ते टिपायचं. 'ब' झोत लगेच उलटा फिरवतं, आणि तो 'अ'कडे परततो तेव्हा 'अ'वर काय वाजलंय तेही टिपायचं. एकूण तीन आकडे, तिन्ही त्या त्या घड्याळाला नाक लावून वाचलेले. त्यांत दृष्टिकोनाचा प्रश्नच येत नाही.

आधी साधी, जुनी, निरपेक्ष समजूत घेऊ: ईथर आहे, प्रकाश त्यात ठरलेल्या वेगानं जातो, घड्याळांवर गतीचा परिणाम होत नाही. 'अ' ईथरमध्ये थांबलेलं असेल, तर ४ ला निघालेला झोत पळत्या 'ब'ला १० व्या सेकंदाला गाठेल, आणि ६ सेकंदांत परत येईल. आकडे ४, १०, १६. आता उलट धरा. 'ब' थांबलेलं आणि 'अ' पळतंय. ४ व्या सेकंदाला 'अ' २.४ प्रकाशसेकंद (प्रकाश २.४ सेकंदांत कापतो तेवढं अंतर) दूर असेल, म्हणून झोत 'ब'कडे ६.४ ला पोचेल. परतीचा झोत पळत्या 'अ'ला गाठेल तो पुन्हा १६ लाच. आकडे ४, ६.४, १६.

दोन्ही टोकांचे आकडे तेच राहतात, मधला मात्र कोण थांबलंय आणि कोण पळतंय याची जाहीर चहाडी करतो. निरपेक्ष गती असेल, तर ती या मधल्या जागेत दिसलीच पाहिजे. १० आलं तर 'अ' स्थिर, ६.४ आलं तर 'ब' स्थिर, मधलंच काही आलं तर दोघंही कमीअधिक वेगानं चाललेले. हे दोन घड्याळांचं गणित जुन्या सिद्धांतातूनच निघतं, आइन्स्टाइनचा यात एक शब्दही नाही.

सापेक्षता म्हणते, 'अ' आणि 'ब' कसेही चाललेले असोत, मधला आकडा नेहमी ८ येईल. ४ चे ८, ८ चे १६. जाताना दुप्पट, येताना दुप्पट, कोणाचीही बाजू न घेता.

गंमत अशी की लॉरेन्ट्झचं ईथरही ८ च म्हणतं. त्यात पळणारं घड्याळ मंद होतं, या वेगाला ०.८ पट. 'अ' स्थिर धरा: झोत पोचला तेव्हा 'खरे' १० सेकंद झाले, पण 'ब' मंद, म्हणून त्यावर ८. 'ब' स्थिर धरा: 'अ'चं मंद घड्याळ ४ दाखवतं तेव्हा खरे ५ झालेले असतात, 'अ' ३ प्रकाशसेकंद दूर असतं, ५ आणि ३ मिळून ८. परतीचा झोत 'अ'ला २० ला गाठतो, २० चे ०.८ पट म्हणजे १६. वहीत कुठलंही पान उघडा, हिशेब तोच.

निरपेक्ष गतीचे पक्ष हे असे दोन आहेत, आणि आव्हान देणारे त्यांची सतत सरमिसळ करतात. पहिला पक्ष वेगळा आकडा सांगतो. दुसरा सापेक्षतेचाच आकडा सांगतो आणि वर म्हणतो, पण आतून कोणीतरी एक खरोखर थांबलेलं आहे. पहिला प्रयोगानं तपासता येतो. दुसऱ्याला प्रयोग हातच लावू शकत नाही.

याच जागेवर हर्बर्ट डिंगल अडकले. हे काही ऐरेगैरे नव्हते. १९५१ ते १९५३ ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते, तरुणपणी सापेक्षतेवर सोपं पुस्तक लिहिलेले. पुढे उलटले, आणि अनेक वर्षं एकच प्रश्न विचारत राहिले: 'अ'च्या मते 'ब' मंद, 'ब'च्या मते 'अ' मंद, मग खरोखर मंद कोण? आमच्या आकड्यांत सांगायचं तर 'अ' म्हणतं, जेव्हा माझ्यावर १० तेव्हा 'ब'वर ८. 'ब' म्हणतं, जेव्हा माझ्यावर ८ तेव्हा 'अ'वर ६.४. दोन्ही खरं कसं? मला आजही वाटतं की डिंगल यांना मिळालेली काही उत्तरं उद्धट होती आणि काही नुसतीच क्लिष्ट. सगळी गोम 'जेव्हा-तेव्हा' या जोडीत आहे. 'जेव्हा' इथला आणि 'तेव्हा' तिथला, मध्ये लाखो किलोमीटर. इथल्या क्षणाला तिथला कोणता क्षण जोडायचा, हे निसर्ग आपण होऊन सांगत नाही, झोत पाठवून आणि प्रवासाचा वेळ विभागून आपल्यालाच ठरवावं लागतं. 'अ' आणि 'ब' ती जोडी वेगवेगळी लावतात, एवढाच भेद. ४, ८, १६ वर दोघांचं एकमत आहे.

(जाता जाता आव्हान देणाऱ्यांच्या एका मुद्द्याला दाद द्यायला हवी. प्रकाशाचा एकेरी वेग, नुसता जातानाचा, दूरची घड्याळं आधी जुळवल्याशिवाय मोजता येत नाही आणि जुळवणीत पुन्हा प्रकाशाचाच वेग गृहीत धरावा लागतो. हे खरं आहे. आइन्स्टाइननं १९०५ च्या लेखात ही जुळवणी व्याख्या म्हणूनच मांडली आहे. ती लपवाछपवी नव्हती. शिकवताना मात्र ती बहुधा गाळली जाते.)

म्हणून माझं असं मत झालं आहे की निरपेक्ष गतीसाठी लढणारे लोक खरं तर गतीसाठी लढत नसतात. ते 'आत्ता'साठी लढतात. इथून अँड्रोमेडा दीर्घिकेपर्यंत सगळीकडे एकाच वेळी असलेला एक 'आत्ता' असला पाहिजे, ही जाणीव आपल्या हाडामांसात मुरलेली आहे. ती सोडताना दुखतं. ज्याला दुखत नाही, त्याला सापेक्षता कळलेली नाही, असंही मी म्हणेन.

मधल्या जागेत प्रत्यक्षात काय येतं, ते पहिल्यांदा थेट कोणी दाखवलं? हर्बर्ट आइव्हज. बेल प्रयोगशाळेतले, दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या प्रयोगांतलं मोठं नाव. स्टिलवेल यांच्यासोबत १९३८ साली त्यांनी हायड्रोजनचे वेगवान कण नळीत सोडले आणि त्यांतून निघणारा प्रकाश समोरून आणि आरशाच्या मदतीनं मागून, असा दोन्हीकडून पकडला. अणू म्हणजे घड्याळच, ठरावीक ठेक्यावर प्रकाश सोडणारं. जवळ येणाऱ्याची रेषा निळ्याकडे सरकते, दूर जाणाऱ्याची तांबड्याकडे. घड्याळ मंद होत नसेल तर जुन्या हिशेबानं दोन्ही तरंगलांबींची सरासरी जिथल्या तिथे राहायला हवी. आइव्हज यांना ती तांबड्याकडे ढळलेली दिसली, आणि ढळली ती नेमकी मंद घड्याळाच्या सूत्राइतकीच. ५० च्या दशकापर्यंत जगलेले हे आइव्हज आइन्स्टाइनचे कट्टर विरोधक होते. आपण लॉरेन्ट्झचं ईथर सिद्ध केलं, असंच ते म्हणत राहिले. त्यांचाच प्रयोग पुढे जर्मनीतल्या डार्मश्टाटला लिथियमचे आयन प्रकाशाच्या एकतृतीयांश वेगानं फिरवून अधिक काटेकोरपणे केला गेला. २०१४ साली निकाल आला, सूत्र अब्जात दोन-तीन भागांपर्यंत बरोबर. १० नाही, ६.४ नाही, ८.

साधी निरपेक्ष गती इथे संपते. दुसऱ्या पक्षाचं, लॉरेन्ट्झच्या लपलेल्या ईथरचं, काय करायचं? जॉन बेल हा माणूस, ज्याच्या प्रमेयावर आजचं निम्मं क्वांटम माहितीशास्त्र उभं आहे, १९७६ साली म्हणाला की विद्यार्थ्यांना लॉरेन्ट्झची वाटही शिकवा. आखडणं आणि मंद होणं बलांच्या गणितातून कसं उगवतं ते कळतं. मला हे पटतं. पण ती वाट शेवटपर्यंत चालून बघितल्यावर माझा पाय अडखळतो तो म्यूऑन या इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड, अल्पायुषी कणापाशी. लॉरेन्ट्झचा युक्तिवाद विद्युतबलांचा होता. म्यूऑन मरतो तो निराळ्याच, दुर्बल बलामुळे. थांबलेला म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९७७ साली त्याला वर्तुळात इतक्या वेगानं फिरवलं की सूत्रानुसार आयुष्य २९.३ पट व्हायला हवं होतं. झालं ६४ मायक्रोसेकंदांहून थोडं जास्त. बरोबर तितकंच. म्हणजे विद्युतबल, दुर्बल बल, अणूंना बांधणारी सगळी बलं, यांनी एकत्र बसून एकाच सूत्रानं मंद व्हायचं ठरवलंय, आणि तेही अशा बेतानं की त्या खऱ्या स्थिर ईथरचा मागमूस कुठेच लागू नये. असं असू शकतं. पण पुरावा एकही न ठेवणारा चोर आणि न झालेली चोरी यांत पोलिसांनी फरक कसा करायचा?

सापेक्षतेवरचं सगळ्यात प्रामाणिक आव्हान माझ्या मते डेटन मिलर यांचं. कारण त्यांनी आकडा दिला. मॉर्लीचे जुने सहकारी, १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या माथ्यावर वाढवलेलं तेच उपकरण घेऊन बसले, हजारो फेऱ्या मारल्या, आणि सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास ईथरचा वारा सापडल्याचं सांगितलं. आइन्स्टाइननं ते हसण्यावारी नेलं नाही. मिलर बरोबर असतील तर माझा सिद्धांत पडेल, असंच त्याचं म्हणणं होतं. मिलर वारल्यानंतर त्यांच्याच संस्थेतले शँकलंड आणि सहकारी त्यांच्या जुन्या वह्या घेऊन बसले. १९५५ साली निष्कर्ष आला: थोडा भाग मोजणीतल्या चढउतारांचा, आणि उरलेला तापमानाचा. खोलीची एक बाजू दुसरीपेक्षा अंशाच्या बारीकशा भागानं उबदार असली तरी पट्टे तेवढे सरकतात. हल्ली हा प्रयोग अतिशीत स्फटिकांत सूक्ष्मलहरी कोंडून करतात. एकावर अठरा शून्यं, इतक्यांत एक भागाचाही दिशेचा फरक दिसलेला नाही.

आता लाल शाईतला प्रश्न. ३७० हा आकडा विश्वात सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणातून येतो. १९६५ साली ते सापडलं. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश, सगळीकडून जवळजवळ सारखं. पण सिंह राशीच्या सुमाराला हजारात सव्वा भाग उबदार, आणि बरोबर उलट बाजूला तेवढंच थंड. १९७७ साली उंच उडणाऱ्या हेरगिरीच्या विमानात उपकरण बसवून हे नीट मोजलं गेलं. उबदार दिशेकडे आपण चाललो आहोत, सव्वा-हजारांश प्रकाशवेगानं, म्हणजे सेकंदाला ३७० किलोमीटर. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा वर्षभरात त्यात ३० किलोमीटरचा चढउतारही दिसतो.

तर ही गती कशाच्या तुलनेत? त्या प्रारणाच्या. आपण गॅलिलिओच्या खोलीची खिडकी उघडली आणि बाहेर पाणी वाहताना पाहिलं. खिडकी लावून घेतली की तो ३७० कुठल्याही घड्याळात, लंबकात, लेसरमध्ये उमटत नाही. सापेक्षतेचं म्हणणं बंद खोलीतल्या नियमांबद्दल आहे, बाहेर समुद्र नाही असं ती कधीच म्हणाली नव्हती. इथे प्रतिपक्षाला एक गोष्ट मात्र मनापासून देऊन टाकतो. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं असं आपण म्हणतो, ते त्या प्रारणाबरोबर वाहणाऱ्या घड्याळानुसार. म्हणजे विश्वाच्या इतिहासाला एक सोयीची, ठळक चौकट आहे. विश्वरचनेचे अभ्यासक ती रोज वापरतात. सभागृहातल्या त्या वक्त्यांना हे तीन वाक्यांत सांगता आलं असतं.

"आव्हान दाबलं जातं" या तक्रारीवर फार लिहायची गरज वाटत नाही. २०११ साली ऑपेरा प्रयोगातले न्यूट्रिनो नावाचे कण ७३० किलोमीटरच्या प्रवासात प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले, तेव्हा त्या चमूनं तो निकाल जगापुढे ठेवला आणि चूक शोधून द्या म्हटलं. पुढच्या वर्षी ती सापडली. मुख्य दोष एका ऑप्टिकल फायबरच्या नीट न बसलेल्या जोडणीत होता. दाबायचंच असतं, तर ते पहिल्याच दिवशी दाबलं गेलं असतं. त्यांच्याकडे आकडा होता, म्हणून सगळे ऐकायला थांबले.

आणि ज्यांना तरीही निरपेक्ष 'आत्ता' हवा आहे, त्यांनी मायकलसनची शिळा उकरण्यात आयुष्य घालवू नये. खरी फट दुसरीकडे आहे. बेलच्या प्रमेयानं आणि अ‍ॅस्पे यांच्या १९८२ च्या, मग इतरांच्या २०१५ च्या प्रयोगांनी दाखवलं की गुंतलेले कण दूर असूनही एकमेकांशी असे जुळतात की साध्या स्थानिक कारणांनी ते समजत नाही. त्यामागे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा खराखुरा परिणाम मानायचा असेल, तर तो कोणाच्या 'आत्ता'त जातो, हे सांगावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॉरेन्ट्झकडे परत जाणं, असं खुद्द बेलनंच सुचवून ठेवलं आहे. मी तिकडे जाणार नाही, कारण ती चौकटही अजून कुठल्याच प्रयोगात वेगळा आकडा देत नाही. पण तिकडे जाणाऱ्याला मी हसणारही नाही.

माझ्या एका पानावर तळाशी मी लिहिलं होतं: '४, ____, १६. आपल्या सिद्धांतानुसार रिकामी जागा भरा.' तीन आठवड्यांनी पान परत आलं. रिकाम्या जागेत आधी पेन्सिलनं १० लिहिलेलं, मग खोडून ८. खाली लाल शाईतच, पण यावेळी अधोरेखित न केलेलं: "आपण सांगितलेले आइव्हज वाचले. निरपेक्ष गती मानत होते आणि ८ त्यांनीच मोजला. मग ते तुमच्या बाजूचे की माझ्या?"

उत्तर लिहायला घेतलं आहे. दुसरं पान चालू आहे.